मुंबईतील गाठीचा प्लेग

यर्सिनिया पेस्टिस या जिवाणूमुळे उद्भवलेली व १८९६ पासून अनेक वर्षे पुन्हा पुन्हा उसळलेली साथ. मुंबईबाहेर ती लवकरच पुणे, कराची व पुढे उत्तर भारतात पसरली; विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांअखेर देशातील बळींची संख्या एक कोटीच्या घरात गेली असावी.

मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये रोगनिदान केले ते मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. मात्र त्याआधीही गाठी येऊन काही मृत्यू झालेले दिसतात. त्यामुळे साथीचा आरंभ सप्टेंबरपूर्वीचा मानणे युक्त ठरते. रोग आला कोठून, यावर तेव्हापासून मतभेद आहेत. कुमाऊँ-गढवालात पूर्वीपासून ‘महामारी’ नावाने असलेला प्लेग तेथून आलेल्या साधूंबरोबर मुंबईत पोचला, असे काही समकालीनांचे मत होते. दुसऱ्या मतानुसार १८९४ च्या हाँगकाँगमधील साथीनंतर तो जहाजांतील उंदरांमार्फत बंदरात उतरला. मांडवीचे गोदीलगतचे स्थान आणि जिवाणूंच्या अलीकडील जनुकीय अभ्यासातून दिसणारे चिनी मूळ पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

मांडवीत तळमजल्यावर धान्याच्या वखारी व वर कोंदट खोल्या अशी रचना होती. वखारीत उंदीर मरून पडले की त्यांच्या अंगावरील पिसवा जमिनीवर झोपणाऱ्या माणसांकडे वळत. पिसवांचा हा संबंध पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडला, पण तो सर्वमान्य होण्यास जवळपास दशक लागले. तोवर घाण, दमट जमीन आणि खुद्द गरीब रहिवासी यांवरच संशय राहिला. घरझडत्या, सामानाची जाळपोळ व सक्तीचे विलगीकरण यांचा मुख्य भार चाळकऱ्यांवर पडला. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, ही धास्ती निराधार नव्हती. उपचार जवळजवळ नव्हतेच आणि रुग्ण बहुधा अखेरच्या अवस्थेत दाखल होत. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. पुढे निरनिराळ्या समाजांना स्वतःची प्लेग इस्पितळे चालवू दिली गेली, तेव्हा विरोध काहीसा निवळला. हे शहाणपण प्रशासनाला फार उशिरा सुचले, असेच म्हणावे लागते.

वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत तयार केलेली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली व नंतर भायखळा तुरुंगातील कैद्यांवर तिची चाचणी केली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. पुण्यात डॉ. यशवंत फुले यांच्या दवाखान्यात रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

शहरसुधारणेसाठी १८९८ मध्ये सुधारणा न्यास (इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडल्या, रस्ते रुंद केले. परंतु सुरुवातीच्या काळात पाडलेल्या खोल्यांच्या मानाने नव्या थोड्याच बांधल्या गेल्याने विस्थापित कुटुंबे शेजारच्या, आधीच भरलेल्या चाळींत शिरली.