लांबच्या ग्रुप राइडला निघताय? सायकल आमच्याकडे कधी आणावी आणि कशी आणावी

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"परवा पहाटे निघतोय, उद्या संध्याकाळपर्यंत सगळ्या सायकली तयार हव्यात." मित्रांचा ग्रुप आठवडाभराच्या राइडला निघाला की हे वाक्य आमच्या सायकल वर्कशॉपमध्ये हमखास ऐकू येतं. पाठोपाठ पाच-सात सायकली दारात लागतात आणि प्रत्येकीबरोबर एक यादी असते: नवी चेन, नवे टायर, नवे ब्रेक पॅड, नवी सीट, गिअर सेटिंग. निघण्याआधी निदान दहा-बारा दिवस सायकल आणा, असं आम्ही सांगतो तेव्हा काहींना वाटतं की कामाची गर्दी आहे म्हणून टाळतायत. गर्दी असते, पण आग्रहाचं कारण ते नाही. काम झालेली सायकल आणि प्रवासाला तयार झालेली सायकल यांत साधारण शंभर किलोमीटरचं अंतर असतं, आणि ते तुम्हालाच चालवून काढावं लागतं. आदल्या रात्री सायकल घरी नेली तर तेच शंभर किलोमीटर प्रवासाच्या पहिल्या दिवशी येतात, तेही सामान लादलेलं असताना.

असं का होतं ते सांगतो. नवी गिअर केबल घातली की पहिल्या काही राइडमध्ये केबलची टोकं आणि बाहेरची नळी आपापल्या जागी दबून बसतात. केबल किंचित ढिली पडते आणि चढावर गिअर मनानेच उडी मारायला लागतो. दोष फिटिंगचा नसतो. ऍडजस्टरचा (केबलचा ताण कमी-जास्त करणाऱ्या फिरकीचा) पाव-अर्धा फेरा दिला की काम संपतं, पण ते कुणीतरी करायला हवं. चाकाचा आउट (वाकडेपणा) काढला किंवा नव्या तारा घातल्या की त्यांचंही तसंच: थोडं अंतर चालल्यावर ताण पुन्हा तपासावा लागतो. डिस्क ब्रेकचे नवे पॅड तर पहिल्या दिवशी जेमतेम धरतात. मध्यम वेगातून पंधरा-वीस वेळा, चाक जाम न करता, दाबून वेग कमी केला की पॅडचा थर डिस्कवर बसतो आणि मग ब्रेकला खरी ताकद येते. घाट उतरताना, मागे दोन भरलेल्या बॅगा असताना हे करायची वेळ कुणावर येऊ नये.

चेनबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आमचा आणि तुमचा सर्वांत जास्त वेळ तिथे जातो. "लांब जायचंय, चेन नवीन टाकून द्या," ही मागणी ऐकायला शहाणपणाची वाटते. चेन वापराने ताणली जाते असं आपण म्हणतो, पण लोखंड ताणलं जात नाही. प्रत्येक पिनेच्या सांध्यात झीज होते आणि एकूण लांबी वाढते. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं, म्हणजे अशी २४ अंतरं मोजली की बरोबर १२ इंच, ३०४.८ मिलिमीटर भरायला हवेत. घरी स्टीलची पट्टी लावूनही हे पाहता येतं. १/१६ इंच जास्त भरलं तर झीज साधारण अर्धा टक्का झाली. मागे ११ किंवा १२ गिअर असतील तर एवढ्यावर चेन बदलावी; ८ ते १० गिअरना पाऊण टक्क्यापर्यंत चालतं.

पण ही वेळ कधीच उलटून गेली असेल, तर झिजलेल्या चेनने मागच्या कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाचे, दातही आपल्यासारखे करून घेतलेले असतात. त्या दातांवर नवी कोरी चेन टाकली की ती बसत नाही. सपाटीवर कळत नाही, वर्कशॉपच्या स्टँडवर तर मुळीच नाही. चढावर पेडलवर जोर दिला की चेन दात सोडते, आणि तेही तुम्ही रोज वापरता त्याच दोन-तीन चक्रांवर. मग उपाय एकच, कॅसेटही नवी. ती आदल्या दिवशी तुमच्या मापात हाताशी असेलच असं नाही. म्हणूनच कधीकधी आम्ही स्पष्ट सांगतो: चेन आणि कॅसेट दोन्ही जुन्या आहेत, एकमेकींना सरावलेल्या आहेत, ही राइड यांच्यावरच करा आणि आल्यावर दोन्ही बदलू. आम्हाला विक्री नको आहे असं नाही. दहा-बारा दिवस आधी आलात तर हाच निर्णय शांतपणे घेता येतो, आणि चेन वेळेवर बदलत राहिलात तर कॅसेट तीन-तीन चेन टिकते, हा तुमचाच फायदा.

सीटचंही तसंच, फक्त ती शरीराला लागते. नवी सीट कितीही चांगली असली तरी तुमच्या हाडांना मानवते का हे दोन-तीन मोठ्या राइडनंतरच कळतं. सीटची उंची, हँडल, पेडलचे क्लीट (बूट पेडलला अडकवणारे तुकडे) यांतला कुठलाही बदल निघण्याच्या आठवड्यात करू नका. किंचित वर गेलेली सीट एका दिवसात जाणवत नाही, तिसऱ्या दिवशी गुडघ्यात जाणवते.

आता ग्रुपबद्दल. एकट्याने जाताना सायकल अडली तर आपण थांबतो. ग्रुपमध्ये सगळे थांबतात. आठ जणांपैकी प्रत्येकाची सायकल दिवसात एकदाच, पंधरा मिनिटांसाठी अडली तरी उजेडाचे दोन तास गेले. शेवटचा टप्पा मग अंधारात आणि दमलेल्या पायांनी. शिवाय ज्याची सायकल रोज अडते तो बिचारा दिवसभर अपराधी चेहऱ्याने मागे राहतो, हे आम्ही परत आलेल्या ग्रुपकडून बऱ्याचदा ऐकलंय. मैत्रीतली ही कटकट टाळण्याजोगी आहे.

त्यासाठी आम्ही ग्रुपच्या सायकली एकत्र बघतो. एकाच दिवशी सगळ्या आणा असा याचा अर्थ नाही; उलट दोन-दोन करून आणल्यात तर बरं. पण सगळ्यांची माहिती एका कागदावर हवी आणि ग्रुपमधल्या एकानेच ती आमच्याकडे द्यावी. टायरच्या कडेवर ३२-६२२ असे आकडे असतात. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा टायर रिमवर बसतो तिथला व्यास. ७०० सी आणि २९ इंच या दोन्ही चाकांना ६२२ असतं, साडेसत्तावीसला ५८४, माउंटन बाइकच्या २६ इंचाला ५५९. हे आकडे जमवले की पाच जणांना एका मापाच्या ट्यूब चालतील की नाही ते लगेच कळतं आणि सगळ्यांच्या बॅगेतलं ओझं कमी होतं. व्हॉल्व्हही पाहून घ्या. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हची ट्यूब जाड व्हॉल्व्हच्या रिममध्ये वेळ निभावून नेते. जाड श्रेडर व्हॉल्व्ह बारीक भोकातून जातच नाही. पंप दोन्हींना चालणारा घ्या आणि तो घरी एकदा वापरून पाहा.

चेन जोडायची क्विक लिंक मागच्या गिअरच्या संख्येप्रमाणे बदलते; दहा गिअरची लिंक बाराच्या चेनला लागत नाही. ग्रुपमध्ये जितके प्रकार तितक्या लिंक, प्रत्येक प्रकाराची एक जोडी पुरे. डिरेलर हँगर मात्र वाटून घेता येत नाही. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, ज्या छोट्या तुकड्यावर लटकतो तो हँगर अनेक सायकलींना मुद्दाम मऊ ऍल्युमिनियमचा देतात, म्हणजे सायकल पडली तर तो वाकेल आणि फ्रेम वाचेल. त्याचा आकार फ्रेमप्रमाणे वेगळा असतो, वाटेतल्या दुकानात तो मिळण्याची शक्यता फार कमी. तुमच्या फ्रेमचा हँगर आम्ही मागवून देतो, पण यायला दिवस लागतात. आधी या म्हणण्याचं हेही एक कारण.

सायकल आणताना कॅरिअर लावून आणि बॅगा सोबत घेऊन या. कॅरिअर घरी परस्पर बसवलेला असतो, आणि मग पहिल्याच दिवशी बॅग टाचेला घासते, नाहीतर कॅरिअरचा पाय डिस्क ब्रेकच्या कॅलिपरला (पॅड धरणाऱ्या भागाला) टेकतो. सामान भरलेलं असेल तर मागच्या टायरमध्ये किती हवा ठेवायची तेही ठरवता येतं. टायरवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी भरायलाच हवी असा त्याचा अर्थ नाही. कॅरिअरचे बोल्ट पहिल्या दिवशी मुक्कामाला पोचल्यावर हाताने तपासा, पुढे एक दिवसाआड. रस्त्याच्या हादऱ्यांनी ते ढिले होतातच.

सायकल गाडीतून नेणार असाल तर चेनची बाजू खाली किंवा सामानाखाली येऊ देऊ नका, हँगर वाकण्याचं एक मोठं कारण तेच. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) ब्रेक असेल आणि चाक काढलं असेल तर पॅडमध्ये प्लास्टिकची पट्टी सरकवा, नाहीतर लिव्हर चुकून दाबला गेला की पॅड आत चिकटतात. ही पट्टी आम्ही मागणाऱ्याला तशीच देतो.

आमचं काम दोन टप्प्यांत होतं. पहिल्या भेटीत पूर्ण तपासणी आणि सुटे भाग. मग तुम्ही सायकल चालवता, शक्यतो एखादी राइड सामानासह. निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी पुन्हा आणता आणि आम्ही केबल, तारा, बोल्ट परत बघतो. या दुसऱ्या भेटीचे वेगळे पैसे नाहीत, कारण आमच्या लेखी ते पहिल्याच कामाचं उरलेलं अर्धं आहे. त्याच वेळी ग्रुपमधल्या दोघांनी तरी मागचं चाक काढून ट्यूब बदलून दाखवावी असा आमचा आग्रह असतो. जागा आणि हत्यारं आमची, हात तुमचे. घरी पंक्चर काढता येणं वेगळं आणि डिरेलर सांभाळत मागचं चाक परत बसवणं वेगळं.

तरीही आदल्या दिवशीच यावं लागलं तर या, परत पाठवणार नाही. त्या दिवशी आम्ही ब्रेक, बोल्ट, टायरमधल्या चिरा आणि हवा बघतो, चेन पुसून तेल देतो, गिअर आहेत त्याच केबलवर जुळवतो. जे चालतंय आणि धोक्याचं नाही त्याला हात लावत नाही. ब्रेक पॅड संपलेच असतील तर बदलून देतो, पण मग वर्कशॉपबाहेरच्या रस्त्यावर पॅड नीट बसेपर्यंत ब्रेक दाबून दाखवल्याशिवाय सायकल ताब्यात देत नाही. नवी सीट त्या दिवशी बसवत नाही. ती तुमच्या नावाने बाजूला ठेवतो, परत आल्यावर घेऊन जा.