छातीला नळी लावणे

स्टेथोस्कोप छातीवर, पाठीवर टेकवून श्वासाचे आणि हृदयाचे आवाज ऐकण्याची तपासणी. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी बोलण्यात ‘नळी लावली’ म्हणजे तपासले. ‘नळीसुद्धा लावली नाही’ ही डॉक्टरवरची मोठी तक्रार.

नळी हा शब्द इतिहासालाही धरून आहे. १८१६ मध्ये पॅरिसच्या रेने लाएनेक यांना एका तरुणीच्या छातीला कान लावणे संकोचाचे वाटले, म्हणून त्यांनी कागदाची गुंडाळी करून ऐकले. पुढे लाकडी नळी घडवली. दोन्ही कानांत घालायचे यंत्र १८५० नंतरचे.

डॉक्टर डावी-उजवी बाजू एकाच उंचीवर ताडून पाहतात. पाठ सोडून चालत नाही, कारण फुफ्फुसांचे खालचे भाग मागेच असतात. नळी उघड्या अंगावर हवी. लुगड्याचा पदर घासला तरी खोटी खरखर ऐकू येते. दम्यात श्वास सोडताना शिट्टी वाजते, न्यूमोनियात कानाजवळ केस चोळल्यासारखी बारीक चरचर. धाप लागलेल्या दमेकऱ्याची शिट्टी एकाएकी बंद पडली तर मात्र घाबरावे : हवा आतबाहेर होणेच थांबत आलेले असते.

हृदयाचा ‘लब-डब’ हा झडपा मिटण्याचा आवाज. मधे फुसफुस आली तर झडपेची शंका.

या तपासणीत रुग्णालाही काम असते, आणि सीमाभागात तिथे भाषा येते. ‘उसिर तगोरी, बिडरी’ असे कन्नडमध्ये सांगितले की खानापूरकडची म्हातारी नुसती बघत राहते. ‘आजी, तोंडानं दम घ्या, सोडा’ म्हटले की छाती हलते. मग ‘एक, दोन, तीन’ म्हणायला लावतात. आकडे कोणत्या भाषेतले याला महत्त्व नाही, दर ठिकाणी तेच आणि तेवढ्याच जोराने म्हटले म्हणजे झाले. घट्ट झालेल्या फुफ्फुसातून बोलणे स्पष्ट येते, भोवती पाणी साचले असेल तर दबते.

निपाणीची तंबाखू आणि बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्या (धातू ओतायचे कारखाने) यांमुळे कामधंदा विचारल्याशिवाय इथली तपासणी अपुरीच. फाउंड्रीतल्या वाळूच्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिस या फुफ्फुसाच्या आजारात सुरुवातीला नळीतून बहुधा काहीच वेगळे ऐकू येत नाही. तिथे एक्स-रेच काढावा लागतो.