मेडिकलवरची शुगर तपासणी: नियम कुठून आले, कुठवर पोचले

विदर्भातल्या तालुक्याच्या गावी बाजाराच्या दिवशी मेडिकलवर ‘भाऊ, जरा शुगर पाहून द्या’ म्हणणारा एखादा असतोच. बोटाला टोचायचं, पट्टीवर थेंब घ्यायचा, आकडा सांगायचा. मिनिटाभराचं काम. पण औषध कायद्यात फार्मासिस्टने चाचणी करावी की नाही, यावर वेगळं कलम नाही.

कारण जुनं आहे. १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रांची समिती नेमली गेली ती भेसळीच्या औषधांपायी. पुढे १९४० चा औषध कायदा, १९४५ चे नियम, १९४८ चा फार्मसी कायदा आला. परवाना, नोंदणीकृत फार्मासिस्टची देखरेख, चिठ्ठी, बिल असा सगळा हिशेब विक्रीचा. गिऱ्हाइकाचं रक्त त्यात कुठून येणार?

२०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस विनियमांनी रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून लिहून ठेवलं. बाकी नियम आडवाटेने आले. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे वापरलेली सुई जाड पांढऱ्या डब्यात जायला हवी. (खेड्यातल्या दुकानात ती बहुधा साध्या कचऱ्यातच जाते, या सगळ्यात मला हीच गोष्ट जास्त धोक्याची वाटते.) २०१८ मध्ये क्षयरोगाची औषधं देणाऱ्या दुकानदारांवर रुग्णाची माहिती कळवण्याची सक्ती झाली. त्याच वर्षी डिसेंबरच्या अधिसूचनेने शुगर मोजायचं ग्लुकोमीटर आणि बीपीचं मशीन औषध कायद्याखाली आणायचं ठरलं. मे २०२१ मध्ये आयसीएमआरने (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने) कोविडच्या घरगुती चाचणीला मान्यता दिली आणि ते किट मेडिकलवर मिळू लागलं.

म्हणजे यंत्राला नियम, सुईला नियम. टोचणाऱ्याला मात्र नाही. लॅबच्या बाजूने तर दार आणखी घट्ट झालं. पॅथॉलॉजीच्या अहवालावर त्या विषयातल्या पदव्युत्तर डॉक्टरचीच सही हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं. तेव्हा मेडिकलवाल्याने आकडा तोंडी सांगावा, छापील अहवाल देऊ नये, हेच शहाणपणाचं.

गंमत अशी, की गडचिरोलीत आशाताई हिवतापासाठी बोट टोचून जागेवर निदान करतात, कारण सरकारी कार्यक्रमाने त्यांना प्रशिक्षण आणि किट दिलं. डिप्लोमा घेतलेल्या फार्मासिस्टला तसं कुणी काही दिलेलं नाही. अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने सोप्या चाचण्यांचा वेगळा गट केला; प्रमाणपत्र घेऊन तिथलं औषध दुकानही त्या करू शकतं. इथे तसा कागद मागायचा तर राज्याच्या एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासनाकडे) की आरोग्य खात्याकडे, हेच आधी ठरायचं आहे.