पत्रादेवी ते मोपा : एका घरातले वेगवेगळे कागद

गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावर परदेशातून विमान उतरलं की पासपोर्ट तपासणीच्या रांगेत एक चित्र हमखास दिसतं. बायकोच्या हातात भारतीय पासपोर्ट, नवऱ्याच्या हातात पोर्तुगालचा पासपोर्ट आणि भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं ओसीआय कार्ड, कडेवरच्या मुलाचं आणखी वेगळंच काही. मुलाला कुणाच्या रांगेत घ्यायचं यावर दोघांची कुजबुज चालते. घर एक असलं तरी काउंटरवरचा अधिकारी कागद तपासतो, आणि कागद ज्याचा त्याचा असतो.

पेडणे तालुक्याला हे नवं नाही. मोपापासून जवळच पत्रादेवी आहे, आणि १९६१ पर्यंत तिथे भारत आणि पोर्तुगीज गोवा यांची सरहद्द होती.

मुळात पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांचं. १७८८ मध्ये ते पोर्तुगिजांकडे गेलं. राज्य बदललं, पण सोयरिकी, कुलदैवतं आणि जत्रा पलीकडच्याच राहिल्या. ब्रिटिशांच्या काळात नाक्यावर मुख्य प्रश्न असायचा तो मालाचा. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारामुळे तर काही वर्षं जकातीची आडकाठीही उठली होती. मुंबईत पोटापाण्याला जाणारा गोंयकार गाठोडं उचलून निघे.

भारत स्वतंत्र झाला, गोवा मात्र पोर्तुगालच्या ताब्यात राहिला, आणि माणूस तपासायला सुरुवात झाली. १९५४ मध्ये भारतानं गोव्यातून येणाऱ्यांवर प्रवासाची बंधनं घातली. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रही सरहद्द ओलांडू लागले तेव्हा पोर्तुगिजांनी गोळ्या घातल्या. पत्रादेवीला हुतात्म्यांचं स्मारक आहे ते त्यामुळेच. त्यानंतर भारतानं गोव्यातला आपला वकिलातीचा कारभार गुंडाळला, कॅसलरॉकवरून मुरगावला येणारी रेल्वे थांबली, आर्थिक नाकेबंदी कडक झाली. पोर्तुगिजांनी दाबोळीहून कराचीला विमानं सुरू केली, बटाटे नेदरलँड्सहून आणले. मालाला वाट सापडली. माणसांना, त्यातही सरहद्दीवरच्या गरीब घरांना, ती कुणी काढून दिली नाही.

माझ्या आजीचं माहेर सरहद्दीपलीकडे, भारतातल्या बांद्याला, सासर पेडण्यात. सकाळी निघालं तर जेवायला पोचावं, एवढंच अंतर. तिचे वडील वारले ते याच वर्षांत. सांगावा रात्री आला, गुरं राखणाऱ्या एका माणसाकडून. परवान्यासाठी अर्ज गेला. कागद हातात पडला तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं, आणि त्यावर नाव तिचं एकटीचंच होतं. अंगावर पिणाऱ्या माझ्या काकाचं नव्हतं. ती गेलीच नाही. तो कागद तिनं कितीतरी वर्षं ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीखाली जपून ठेवला होता. मला तो लहानपणी पाहिल्याचं आठवतं. घडीवर फाटलेला, शिक्का पुसट झालेला.

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य येणार ही धास्ती गोव्यातल्या पोर्तुगीज घरांत शिरली. ‘इंडिया’ नावाची पोर्तुगीज बोट मुरगावला लागली होती. कुणालाही चढू देऊ नका, असा लिस्बनचा हुकूम होता. गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी तो बाजूला ठेवला आणि सुमारे ७०० युरोपीय नागरिकांना जाऊ दिलं. बोटीची सोय ३८० जणांची. माणसं संडासापर्यंत दाटून बसली. त्या माणसानं लिस्बनचा हुकूम मोडून या लोकांना वाचवलं, याची नोंद आपणही आदरानं ठेवायला हवी.

१९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. पत्रादेवीची सरहद्द गेली, पण माणसं कोणत्या देशाची हे ठरायचंच होतं. मार्च १९६२ च्या नागरिकत्व आदेशानं ठरवलं की २० डिसेंबर १९६१ पूर्वी जो स्वतः, किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी वा आजीआजोबांपैकी कुणी इथे जन्मलं, तो भारतीय. ज्याला आधीचं नागरिकत्व ठेवायचं असेल त्यानं महिन्याभरात लेखी कळवायचं. आदेश उदार होता, हे मी मनापासून मानतो. पण निवड पुन्हा ज्याची त्यानं करायची होती. मोन्सिन्योर मोंतेरो या गोमंतकीय धर्मगुरूंनी पोर्तुगीज राहणं पसंत केलं आणि ते जन्मगावी परदेशी ठरले. नोव्हेंबर १९६४ मध्ये राहण्याचा परवाना संपला, ते गेले नाहीत, म्हणून फॉरेनर्स ॲक्टखाली खटला झाला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांचं अपील फेटाळलं.

पुढे ३१ डिसेंबर १९७४ च्या करारानं पोर्तुगालनं गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. मुक्तीपूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना मात्र आपल्या नागरिकत्वाचा दरवाजा उघडा ठेवला. युरोपात काम मिळतं म्हणून हजारो गोंयकार त्यातून गेले. दुहेरी नागरिकत्व भारत मानत नाही. २००५ च्या दुरुस्तीनंतर ओसीआय कार्ड मिळू लागलं. त्यावर येता येतं, राहता येतं. मत देता येत नाही, आणि शेजारचं शेत विकायला निघालं तर विकत घेता येत नाही.

मोंतेरोंवर ज्या कायद्याखाली खटला झाला तो १९४६ चा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून गेला, त्याच्या जागी नवा आला. नागरिकत्व कायद्याचं कलम ९ तसंच आहे : दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वखुशीनं घेतलं की भारतीयत्व संपलं. मोपाच्या रांगेत नवराबायकोच्या हातात वेगवेगळे पासपोर्ट दिसतात ते त्याच कलमामुळे.