धुक्यात काळी टोपी राखाडी का होते?

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांमध्ये एक समजूत घट्ट बसली आहे: फोटो धुरकट आला म्हणजे लेन्स कमी पडली. मग ४०० एमएमची ६०० होते आणि ऐपत असेल तर ८००. मोकळ्या माळरानावर याचा उपयोग होतोही. पण जिथे ढगच जमिनीला टेकलेले असतात, अशा डोंगरी मेघवनांत लांब लेन्सचा फारसा इलाज चालत नाही. पावसाळ्यात आंबोलीला कॅमेरा घेऊन गेलेल्यांना हा अनुभव आहेच. त्यामागचं भौतिकशास्त्र इतकं सुंदर आहे की ते नीट समजून घ्यायला हवं.

अरुणाचल प्रदेशातलं ईगलनेस्ट अभयारण्य हे त्याचं सर्वोत्तम उदाहरण. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातली दमट हवा इथल्या डोंगरांवर चढते, थंड होते आणि तिचा ढग बनतो. याच भागात दोन हजार मीटरच्या आसपास बुगुन लियोसिक्ला हा पक्षी राहतो. पुण्यातले खगोलशास्त्रज्ञ रमणा आत्रेय यांना तो १९९५ मध्ये पहिल्यांदा दिसला आणि २००६ मध्ये नवी प्रजाती म्हणून त्याची नोंद झाली. तेव्हा माहीत असलेले पक्षी होते फक्त १४. इतक्या थोड्यांतला एक मारून संग्रहालयात ठेवणं त्यांना मान्य नव्हतं. म्हणून पक्षी जाळ्यात धरून मोजमापं घेतली, फोटो काढले, सुटून आलेली पिसं जपून ठेवली आणि पक्षी सोडून दिला. फोटो आणि ती पिसं हाच पुरावा ठरला.

आता या पक्ष्याचा जवळचा नातेवाईक बघा. तो चीनमध्ये, एमेई पर्वताच्या परिसरात राहतो. दोघांमधला ठळक फरक डोक्यावरच्या पिसांत, म्हणजे ‘टोपी’त आहे: बुगुनची टोपी काळी, एमेईची राखाडी. आणि धुकं नेमकं काळ्याचंच राखाडी करतं.

ते कसं? धुक्याचे थेंब साधारण ५ ते २० मायक्रॉनचे असतात (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. हवेचे रेणू तरंगलांबीपेक्षा फारच लहान असल्यामुळे निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून आकाश निळं. थेंब तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असल्यामुळे सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून धुकं पांढरं. त्यामुळे लाल फिल्टर लावूनही त्याच्या आरपार दिसत नाही.

पक्षी आणि लेन्स यांच्यामधल्या प्रत्येक मीटरवर दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. पक्ष्याकडून निघालेला काही प्रकाश वाटेतच विखुरला जातो आणि आजूबाजूचा पांढरा प्रकाश त्या वाटेत शिरतो. १९२४ मध्ये जर्मन हवामानशास्त्रज्ञ कोश्मीडर यांनी याचं गणित मांडलं: कॉन्ट्रास्ट, म्हणजे गडद आणि उजळ भागांतला फरक, अंतराबरोबर घातांकी वेगाने घटतो. दृश्यमानता ५० मीटर आहे, म्हणजे ५० मीटरवर २ टक्के कॉन्ट्रास्ट उरतो, असं धरू. मग १० मीटरवर ४६ टक्के उरेल, २० मीटरवर २१ आणि ३० मीटरवर जेमतेम १०. जंगलात प्रकाश सगळीकडून सारखा येत नाही, त्यामुळे आकडे थोडे हलतात, पण उतरण तीच. ३० मीटरवरच्या काळ्या टोपीचा फोटो म्हणजे बहुतांशी धुक्याचाच फोटो. लांब लेन्स पक्षी मोठा करते, पण मधले ३० मीटर तेवढेच राहतात. १५ मीटरवर गेलात तर मात्र कॉन्ट्रास्ट १० वरून थेट ३१ टक्क्यांवर येतो.

‘मग नंतर सॉफ्टवेअरमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवू’ असं म्हणाल, तर इथे फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, आडवे येतात. समजा निरभ्र हवेत एका पिसाकडून एका पिक्सेलवर १०,००० फोटॉन येतात आणि शेजारच्या पिसाकडून ९,०००. फरक १,००० चा. फोटॉनच्या मोजणीत एकूण आकड्याच्या वर्गमुळाइतकी अनिश्चितता (नॉइज) असते, म्हणजे इथे सुमारे १००. फरक त्याच्या दहापट असल्याने तो स्वच्छ दिसतो. धुक्यात फरक १०० वर येतो, पण धुक्याच्या स्वतःच्या प्रकाशामुळे एकूण आकडा दहा हजारांच्या आसपासच राहतो आणि अनिश्चितताही १००. पिसांमधला फरक आणि नॉइज आता बरोबरीला आले. स्लायडर ओढला की दोन्ही सारखेच वाढतात. खगोलशास्त्रज्ञ अशा वेळी शेकडो फ्रेम एकावर एक रचतात. १०० फ्रेम रचल्या की नॉइजचं प्रमाण दहापट घटतं. पण तारा जागचा हलत नाही, पक्षी फांदीवर दोन सेकंदही थांबत नाही.

म्हणूनच ‘एका क्लिकवर धुकं गायब’ अशा एआयच्या जाहिराती मला धोकादायक वाटतात. जी माहिती सेन्सरपर्यंत पोहोचलीच नाही, ती एआय परत आणत नाही. हजारो दुसऱ्या पक्ष्यांच्या फोटोंवरून ते पिसं रचतं. लग्नाच्या अल्बमला ते चालेल. पण टोपी काळी की राखाडी यावर प्रजाती ठरणार असेल, तर तो बनावट पुरावा आहे. मूळ रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची नोंद, जपून ठेवा आणि नोंद पाठवताना तीच द्या, कितीही धूसर असली तरी.

फ्लॅशही टाळा. घाटात धुक्यात गाडीची हाय बीम लावली की समोर पांढरी भिंत उभी राहते, तसेच लेन्सजवळचे थेंब फ्लॅशचा प्रकाश तोंडावर परत फेकतात. त्यापेक्षा वाऱ्याची वाट पाहा. ढग जरा विरळ होऊन दृश्यमानता ५० वरून १०० मीटर झाली, तर २० मीटरवरचा कॉन्ट्रास्ट २१ वरून ४६ टक्के होतो. बर्स्ट, म्हणजे एका दमात फोटोंची मालिका, त्या क्षणासाठी राखून ठेवा.

अंतर कमी करायचं म्हणून मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावण्याची खोड मात्र इथे अक्षम्य आहे. प्रतिस्पर्धी आला असं समजून पक्षी घरटं, पिल्लं सोडून हद्द राखायला धावतो. मोजक्या जोड्यांच्या प्रजातीला हा खर्च परवडणारा नाही. ईगलनेस्टजवळच्या सिंगचुंग गावातल्या बुगुन जमातीच्या लोकांनी २०१७ मध्ये आपल्या जंगलातला सुमारे १७ चौरस किलोमीटरचा भाग सामुदायिक राखीव क्षेत्र केला आहे. या पक्ष्याचा माग त्यांना सर्वांत चांगला ठाऊक आहे, त्यामुळे त्यांच्यातल्याच वाटाड्याला सोबत घ्या आणि तो थांब म्हणेल तिथे थांबा.