कामाची किंमत आणि कामाची कदर

वेंगुर्ल्याकडच्या एका काजू कारखान्यात माझी मावशी कटिंगला, म्हणजे काजूची बी फोडून गर काढायला होती. पायाने दांडा दाबायचा, हाताने बी पात्यांमध्ये धरायची. बी जरा तिरकी बसली की गराची पाकळी होते, आणि पाकळीला अख्ख्या गराचा भाव मिळत नाही. टरफलातल्या तेलाने तिची बोटं काळी पडलेली असत. संध्याकाळी वजन व्हायचं, वहीत किलो मांडले जायचे. घरी येऊन मावशी किलोंबद्दल अवाक्षर काढत नसे. शेजारी बसणारी म्हणाली होती, "गो, तुझो गर कसो अख्खो इलो!" हे मात्र दोनदा सांगायची.

क्रिस्तोफ देजूर हे फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ नेमका हाच फरक करतात. वही हा उपयुक्ततेचा निवाडा. तो साहेब देतो, गिऱ्हाईक देतं. शेजारणीचं वाक्य हा सौंदर्याचा निवाडा. तो त्याच कामात हात बसलेलं माणूसच देऊ शकतं, कारण नेमून दिलेलं काम आणि प्रत्यक्षातलं काम यांतलं अंतर त्यालाच दिसतं. बी वाकडी निघते, पातं बोथट होतं, आणि तरीही गर अख्खा येतो. तो कसा आला, हे वहीत कुठेच नसतं.

दोन्ही शाबासकीसारखेच ऐकू येतात, म्हणून गल्लत होते. मावशीच्या कारखान्यात एकदा किलो मोजून 'उत्कृष्ट कामगार' ठरवली. हार घातला, फोटो काढला, मजुरी तीच ठेवली. मला त्याचा आजही राग येतो.

जर्मन तत्त्वज्ञ अक्सेल होनेथ यांनी १९९२ च्या ग्रंथात माणसाला मिळणाऱ्या मान्यतेची तीन रूपं मांडली: प्रेम, हक्क आणि समाजाला दिलेल्या योगदानाचा मान. काम मुख्यतः तिसऱ्यात येतं. अमेरिकन तत्त्वज्ञ नॅन्सी फ्रेझर यांनी त्यांच्याशी वाद घातला. पैशाच्या, साधनांच्या वाटपाचा अन्याय एकट्या मान्यतेच्या भाषेत मावत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. कदर झाली म्हणून मजुरीचा प्रश्न सुटत नाही. पण मजुरी वाढली तरी शेजारणीच्या त्या वाक्याची जागा भरत नाही.

पुढे मावशीची नजर अधू झाली, कटिंग सुटलं. गराची तांबूस साल काढायचं काम ती घरी आणू लागली. वजन होतच होतं. सोललेल्या गरांची परात ती आईपुढे धरायची. आई मनापासून "छान" म्हणायची. आईने आयुष्यात कधी काजू सोलला नव्हता.