किडनीच्या जुनाट आजारातलं फॉस्फेटचं नियमन

रक्तातलं फॉस्फरस (ते तिथे फॉस्फेटच्या रूपात असतं) साधारण 2.5 ते 4.5 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असतं, आणि किडनीचं काम निम्म्यावर आलं तरी रिपोर्टमधे हा आकडा बऱ्याचदा नॉर्मलच येतो, म्हणून पेशंटला वाटतं चला, फॉस्फरसचं तरी टेन्शन नाही. पण तो आकडा जागेवर ठेवायला शरीराची आतून भलतीच ओढाताण चालू असते.

शरीरातलं जवळपास 85 टक्के फॉस्फरस हाडांत आणि दातांत असतं. जेवणातून आलेलं जास्तीचं लघवीवाटे काढायचं काम किडनीचं. ती कमजोर झाली की हाडांतल्या ऑस्टिओसाइट पेशी एफजीएफ-23 हे हार्मोन जास्त सोडतात, ते क्लोथो प्रोटीनच्या मदतीने किडनीला फॉस्फेट परत शोषू देत नाही, शिवाय ॲक्टिव्ह व्हिटॅमिन डी कमी करतं म्हणजे आतड्यातूनही कमी शोषलं जातं. इथपर्यंत ठीक, पण व्हिटॅमिन डी घटलं की कॅल्शियम घटतं, मग गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी पीटीएच हे त्यांचं हार्मोन वाढवतात, तेही लघवीतून फॉस्फेट काढतं पण हाडं पोखरून. म्हणजे रक्त सांभाळायचं आणि बिल हाडांच्या नावावर! अमेरिकन किडनीतज्ज्ञ नील ब्रिकर यांनी 1972 साली हाच सौदा मांडला होता, तेव्हा एफजीएफ-23 माहीतही नव्हतं.

जीएफआर, म्हणजे किडनी किती वेगाने रक्त गाळते तो आकडा, 30 च्या खाली गेला की मात्र हे सगळं अपुरं पडतं आणि फॉस्फेट खरंच वाढायला लागतं, अंगाला खाज सुटते, रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचतं.

डायलिसिसनेही सगळं निघत नाही, कारण हाडांबाहेरचं फॉस्फेट बहुतेक पेशींच्या आत असतं, तिथून रक्तात हळूहळू येतं, आणि आपल्याकडे बरेच जण आठवड्याला दोनच डायलिसिस करतात, जेवण मात्र रोजचं. म्हणून सेव्हेलामर, कॅल्शियम ॲसिटेट असे बाइंडर देतात. ही गोळी जेवतानाच घ्यायची, अन्नातलं फॉस्फेट ती आतड्यातच पकडते, रिकाम्या पोटी घेतली तर जवळजवळ वायाच.

पथ्यात लोक आधी डाळ बंद करतात, पण डाळीतलं बरंचसं फॉस्फरस फायटेटच्या रूपात असतं, ते कमी शोषलं जातं. कोला, प्रोसेस्ड चीज, सॉसेज यांत मिसळलेलं फॉस्फेट मात्र जवळपास सगळंच अंगात जातं. पाकिटावर फॉस्फरसचे मिलिग्रॅम सहसा छापत नाहीत, बारीक अक्षरांत 338, 339, 451, 452 असे आयएनएस नंबर, म्हणजे अन्नात मिसळलेल्या ॲडिटिव्हचे कोड, शोधावे लागतात.